लिहून देतो की

लोणारात झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या माणसाला गावाची कागदोपत्री ओळख जरा जास्तच असते. कोणाच्या सातबाऱ्यावर कोणत्या बँकेचा बोजा आहे, कोणाचं आधारवरचं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळत नाही, कोणाचं उत्पन्न दाखल्यापुरतं घटलं आहे, हे सगळं काचेवर पालथं पडून माझ्यासमोरून जातं. वाचायचं नसतं; पण मशीन गरम होईपर्यंत डोळ्यांनी दुसरं करायचं काय? एप्रिल-मे महिन्यांत पीककर्जाच्या कागदांबरोबर आता आणखी एक ऐवज येऊ लागला आहे. गुळगुळीत मुखपृष्ठ, त्यावर टाय लावलेलं हसरं मूल आणि आत इंग्रजीत छापलेले शाळेचे नियम. याला पालक पुस्तिका म्हणतात. पालकांनी ती वाचायची, समजून घ्यायची आणि शेवटच्या पानावर सही करून ते पान शाळेत जमा करायचं. लोक माझ्याकडे येतात ते त्या शेवटच्या पानाची झेरॉक्स काढायला. आधीची पानं एकमेकांना चिकटलेली असतात.

मी ती सोडवतो आणि वाचतो. नाद म्हणा.

या पुस्तिका ज्या शाळांच्या असतात त्यांच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असतंच. माझी त्याला हरकत नाही. जिनिव्हात १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट नावाची संस्था निघाली, तिचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा मुंबई-पुण्याकडे आहेत. आमच्या बाजूला पाटीवर इंटरनॅशनल आणि आत बहुधा सीबीएसई असतं. तरी काय बिघडलं? लोणारचा या बाबतीतला हक्क तसा जुना आहे. आमच्याकडे पहिला प्रवेश झाला तो थेट पृथ्वीबाहेरून आलेल्या उल्केचा, कोणतीही मुलाखत न देता. त्या उल्केने बेसाल्टच्या खडकात पाडलेलं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, १९७३ साली अमेरिकेच्या ‘सायन्स’ नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर बातमी झाली आणि त्याच वर्षी सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. उल्का नेमकी पडली कधी, यावर मात्र एकमत नाही. एक हिशेब पन्नास हजार वर्षांचा, दुसरा पावणेसहा लाखांचा. जन्मतारखेत एवढी तफावत असलेला कागद माझ्या काचेवर अजून आलेला नाही. एवढं होऊनही बसस्थानकावरच्या पाटीवर नुसतं ‘लोणार’ लिहिलं आहे.

तर पुस्तिका. तीत नियम असतात हे खरंच, पण नीट वाचली की कळतं, तीत एक कुटुंब राहतं. त्याचं नाव कुठे दिलेलं नाही, तरी मी आता ते चांगलं ओळखतो. आई, वडील, एक मूल; फार तर दोन. आजी-आजोबा वर्षातून एकदा ‘ग्रँडपेरेंट्स डे’ला उगवतात आणि पुढचे अकरा महिने कुठे असतात ते पुस्तिका सांगत नाही. वडील संध्याकाळी सहाला घरी येतात. सात वाजता सगळे जेवायच्या टेबलाभोवती बसतात, मोबाइल शेजारच्या खोलीत ठेवतात आणि दिवस कसा गेला ते एकमेकांना विचारतात. मग मुलाला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवलं जातं. साडेआठला दिवा बंद. मुलाला अभ्यासासाठी शांत, हवेशीर, स्वतंत्र कोपरा असतो. डब्यात सोमवारी मोड आलेली कडधान्यं, मंगळवारी फळं असा वार लावलेला असतो आणि कोणाचंही लग्न शाळेच्या दिवशी नसतं.

हे कुटुंब मी लोणारात शोधलं. पुष्कळ जवळ जाणारं एक सापडलं होतं, पण त्यांची बदली झाली.

जे उरलेत त्यांचं असं आहे. टेबल बऱ्याच घरी आहे. लग्नात आलेलं असतं. त्यावर मिक्सर, पाण्याचा जार, म्हाताऱ्यांची औषधं, हप्त्याच्या पावत्या आणि आलेल्या लग्नपत्रिका असतात. जेवण खाली सतरंजीवर होतं. सोयाबीन निघायच्या दिवसांत वडील मळणीयंत्रामागे असतात आणि रब्बीत कृषिपंपाला वीज रात्रीची आली की सहाला घरी येण्याऐवजी त्याच सुमाराला घरातून निघतात. साडेआठला दिवा बंद करायचा नियम मात्र आमच्याकडे पाळला जातो. तो महावितरण पाळतं. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रात्री अकराच्या आधी कोणाच्याही लेकराला झोप लागत नाही, मग ते इंटरनॅशनलचं असो की जिल्हा परिषदेचं. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते मुलांच्या झोपेचाच विचार करून. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळची शाळा ही पूर्वीपासूनची रीत, कारण दुपारी डांबर पातळ होतं. झोप सांभाळावी तर ऊन लागतं, ऊन चुकवावं तर झोप जाते.

पुस्तिकेतला मला सगळ्यात आवडणारा नियम म्हणजे ‘घरी मुलाशी इंग्रजीतून बोलावे’. आमच्या ओळीतल्या एका कृषी केंद्रवाल्याने तो मनावर घेतला. युरियाच्या गोण्यांवरचं इंग्रजी वाचून त्याचा हात बसलेला होता. संध्याकाळी घरी जाऊन त्याने पोराला फर्मावलं, “कम हिअर. सिट डाऊन. ईट युवर भाजी.” त्याची आई ओसरीवर लसूण सोलत होती. ती उठून आली आणि म्हणाली, “काय केलं त्यानं? लेकराले काहून रागावू राहिला?” त्या घरात इंग्रजी आजवर भांडणातच वापरली गेली होती, ‘गेट आऊट’ आणि ‘शटप’ एवढंच भांडवल. आजीने नातवाला पदराखाली घेतलं आणि भाजी सुटली. पोराला इंग्रजीचा पहिला फायदा कळला तो असा.

मराठीचं म्हणाल तर २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत ती सक्तीचा विषय आहे. इंटरनॅशनलमध्येही. पुस्तिकेत ती ‘सेकंड लँग्वेज’ किंवा ‘थर्ड लँग्वेज’ म्हणून रांगेत उभी असते. या पुस्तिका घरच्यांसाठी आणि घरचे मराठी, मग पुस्तिकाच मराठीत का नाही, असं मी एका शाळेतून आलेल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “भाऊ, मराठीत दिली तर लोक वाचतील ना.” तो सहज बोलून गेला. मला मात्र त्या दिवसापासून सहीच्या पानाची झेरॉक्स काढताना ते वाक्य आठवतं.

रजेचा नियमही नामी. लग्न, बारसं, गावची यात्रा, घरगुती कार्यक्रम यांसाठी रजा मिळणार नाही, आजारपणाची मिळेल. आता नवरात्रात कमळजा देवीची यात्रा असते. सगळं गाव विवराच्या उतारावरून खाली सरोवराकाठी उतरतं, बाहेरगावी दिलेल्या लेकी येतात, नवस फेडायचे असतात. त्या दिवसांत माझ्याकडे ‘फीव्हर’ लिहिलेल्या अर्जांची रीघ लागते. पावसाळ्यात येत नाही एवढा ताप आमच्या तालुक्याला नवरात्रात येतो. देवळाच्या रांगेत तापलेलं मूल आणि त्याची वर्गशिक्षिका कधीमधी समोरासमोर येतात. तिनेही रजा टाकलेली असते. दोघं एकमेकांकडे न बघता कमळजेकडे बघतात. नियमाने मुलं हजर राहिली नाहीत. एक इंग्रजी शब्द मात्र अख्ख्या गावाच्या तोंडी पक्का बसला.

फाटकावरच्या कार्डाचं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण त्या दिवशी मलाही पुतण्याला आणायचं होतं. नियम असा की, कार्ड दाखवल्याशिवाय मूल कोणाच्याही ताब्यात दिलं जाणार नाही. त्या दिवशी एका मुलीची आजी आली होती. कार्ड घरी, आई दवाखान्यात. फाटकावरचा रखवालदार म्हणजे त्या आजीचा सख्खा भाचा. तिच्याच घरी राहून दहावी झालेला. आजी म्हणाली, “अरे, मी कोण हाये?” तो मान खाली घालून म्हणाला, “मावशी, तू मावशीच हाये, पण कार्ड?” आजूबाजूला उभे असलेले आम्ही दहा-बारा जण साक्ष द्यायला तयार होतो. मुलगी आतून “आजी, आजी” करत होती. शेवटी भाच्याने आत फोन केला, आतून आईला फोन गेला, आईने सलाईन लावलेल्या हाताने व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवला. मग मावशी ओळखू आली.

सगळे हसले. आजी मात्र हसली नाही, आणि भाच्यावर रागावलीही नाही. रिक्षात बसताना मला म्हणाली, “बरं केलं त्यानं. उद्या कोणी भलताच आला अन् म्हणला मी मामा हाये, तर?” ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे हा नियम निरुपयोगी आहे असं मी समजत होतो. ती वाचता न येणारी बाई पुस्तिकेच्या लेखकापेक्षाही नीट तो समजली होती.

आपल्याकडे पूर्वी पालक पुस्तिका नव्हती असं नाही. होती, पाच शब्दांची होती. बाप पोराला हाताला धरून शाळेत नेई, मास्तरांसमोर उभं करी आणि म्हणे, “मास्तर, कातडं तुमचं, हाडं आमची.” झाला करार. त्यात शाळेचे अधिकार आले, घरच्यांच्या अपेक्षा आल्या, तक्रारीची मर्यादा ठरली. सही नाही, शिक्का नाही. माझ्या पिढीतल्या अनेकांच्या पाठीवर त्या कराराची अंमलबजावणी झालेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने तो करार बेकायदेशीर ठरवला. मुलाला मारणं नाही आणि मानसिक छळही नाही. पुस्तिकांमध्ये हे कलम बहुतेक ठिकाणी पहिल्या काही पानांतच असतं, आणि ते वाचून मला दर वेळी बरं वाटतं. पण परवा एक बाप ते पान माझ्याकडून समजून घेऊन नाराज झाला. “मारणार नाई म्हंजे? मंग एवढी फी कायची?”

त्याच्याही आधी घरच्यांकडून फक्त एकच अपेक्षा होती: मूल पाठवा. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी होती. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्ती करून पाहिली आणि १९०६ साली ती संस्थानभर लावली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे थट्टा नव्हे. दंड मूल न पाठवल्याचा होता. आता मूल पाठवतो म्हणून पैसे, उशिरा पाठवलं म्हणून दंड, उशिरा न्यायला आलो म्हणून वेगळा दंड. शंभर वर्षांत पावती फिरली.

वजनाचं सांगायचं राहिलंच. २०१५ च्या जुलैमधला शासन निर्णय आहे: दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. एका पुस्तिकेत ही ओळ ठळक अक्षरांत आणि पुढच्याच पानावर रोज आणायच्या वस्तूंची यादी. पहिलीतल्या एका पोराच्या आजोबांना मी दोन्ही पानं वाचून दाखवली. आजोबा धान्याच्या आडतीवर हमाली करून निवृत्त झालेले. वजनाच्या बाबतीत त्यांच्याशी गंमत करू नये. ते पोराला दप्तरासकट समोरच्या आडत दुकानात घेऊन गेले. काट्यावर आधी नातू उभा केला: एकोणीस किलो आणि काही ग्रॅम. मग नुसतं दप्तर ठेवलं. त्यात पुस्तकं, वह्या, वहीगणिक प्लास्टिकचं कव्हर, रंगपेटी, दोन डबे, लिटरभराची पाण्याची बाटली आणि ‘शो अँड टेल’साठी नेलेला एक दगड. पावणेपाच किलो. आजोबांनी बाटली काढली, डबे काढले, दगड काढला. सव्वातीन. त्यांनी मापाडीकडे पाहिलं. मापाडी म्हणाला, “बाबा, माल ओला हाये. वाळवून आणा.” नातवाला आपलं वजन झालं याचाच आनंद, तो पुन्हा काट्यावर चढला आणि उतरेना.

आजोबांनी चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून घेतले आणि डायरीत घालून शाळेत पाठवले. उत्तर आलं की, सूचनेची नोंद घेतली आहे. पुढच्या आठवड्यापासून रंगपेटी शाळेत ठेवायची परवानगी मिळाली. आजोबांच्या मते तीनशे ग्रॅमचा विजय.

सहलीच्या पानांवर मात्र माझं आणि या पुस्तिकांचं जमत नाही. दोन पानं हमीपत्र. पालक लिहून देतो की, सहलीत काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. सहल जाते कुठे? वॉटर पार्कला. तिसरीतला एक मुलगा ‘क्रेटर’ या विषयावर प्रकल्प करून प्रिंट मारायला आला. पेनड्राइव्हमधून चित्र उघडलं तर ते अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या बॅरिंजर विवराचं. भोवती वाळवंट, आत कोरडं. म्हटलं, “अरे, आपलं याच्याहून मोठं आहे. याचा व्यास सव्वा किलोमीटरही नाही. तू राहतोस कुठे?” तर विवराजवळच. म्हणजे घराबाहेर पडला की दहा मिनिटांत काठावर. मी म्हटलं, “मग घरचं का नाही लावलंस?” तो म्हणाला, “मॅमनी डाऊनलोड करायला सांगितलं. बघायला नाही सांगितलं.” मी ते चित्र तसंच छापून दिलं, पाच रुपये रंगीत प्रिंटचे. वर आमच्या सरोवराचं एक फुकट दिलं. ते लावलं की नाही माहीत नाही. दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींवरची शिल्पं, काठावरचे मोर, उग्र वासाचं ते खारट पाणी, एवढं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पण बस लागत नाही, म्हणून ती सहल होत नाही.

सरकारलाही मध्यंतरी इंटरनॅशनलची हौस आली होती. २०१८ साली महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ निघालं आणि पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदेच्या तेरा शाळा निवडल्या गेल्या. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यांत सगळ्यात गाजली. तिथे गावकऱ्यांनी शाळेसाठी जमीन दिली, वर्गणी काढली आणि बाहेरगावचे पालक प्रवेशासाठी रांगेत उभे राहिले. २०१९ च्या अखेरीस सरकार बदललं आणि २०२० साली मंडळ गुंडाळलं गेलं. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला; दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिले. परितेवाडीच्या पाटीवर इंटरनॅशनल नव्हतं. ही उदाहरणं मी गिऱ्हाइकांना सांगतो. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, “भाऊ, मागून दोन कॉप्या जास्त काढा.”

मी त्यांना नावं ठेवत नाही. इंटरनॅशनलमध्ये लेकरू टाकणारा बाप वेडा नसतो. त्याने स्वतः परीक्षेसाठी ‘माय काऊ’ निबंध पाठ केलेला असतो आणि पुण्यात कंपनीच्या गेटवर त्या गाईने काही काम केलेलं नसतं. त्याला त्याच्या पोराच्या बाबतीत ती जोखीम नको असते. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सोडतीत नंबर लागलेल्या एका आईचं तर मला कौतुकच वाटतं. ती लोकांकडे धुणीभांडी करते. २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, सरकारी शाळा जवळ असेल तिथल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती; जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, म्हणून तिच्या मुलीचा नंबर राहिला. फी नाही, पण ‘ग्रीन डे’, ‘यलो डे’, ‘फ्रूट डे’ आहेतच. यलो डेच्या आदल्या रात्री ती हळद लावून धुतलेला फ्रॉक वाळत घालते. पुस्तिका तिनेच मला शब्दन्‌शब्द वाचायला लावली. दुसरं कोणी आजवर तसं केलेलं नाही. दर नियमाला ती एकच विचारायची: “याले पैसे लागतात का?” ज्याला लागत नव्हते त्यापुढे मी बरोबरची खूण करायची. रोज पाठवणं, नखं कापणं, ताप असेल तर खरं सांगून घरी ठेवणं, दुसऱ्याच्या मुलांचे फोटो मोबाइलवर न टाकणं, बाईंना दिवाळीत भेटवस्तू न देणं, रात्री मुलाशी दहा मिनिटं बोलणं. खुणा मोजल्या तर निम्म्यापेक्षा जास्त नियम फुकट निघाले, आणि तेच कामाचे होते. बाकीचे नियम कपड्यांचे, रंगांचे आणि दुकानाचे.

आता जे पुस्तिकेत छापलेलं नसतं ते. घरच्यांनी काय करावं याची इतकी पानं, पण घरच्यांना काय मागता येतं याचं एक पानही नसतं. सरकारी आणि अनुदानित शाळांना शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि तीत तीन चतुर्थांश पालक, आणि समितीतल्या निम्म्या जागा बायकांना. म्हणजे जिथे एक रुपया भरावा लागत नाही तिथे समितीत बहुमत पालकांचं, आणि जिथे वर्षाला चाळीस हजार भरायचे तिथे पालकांच्या वाट्याला शेवटच्या पानावरची सही. हा उलटा न्याय थोडा तरी सरळ करणारा कायदा महाराष्ट्रात आहे: खासगी शाळांच्या शुल्क विनियमनाचा २०११ चा. त्याप्रमाणे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ करावा लागतो. प्रत्येक पालक त्याचा सभासद. कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची, आणि फीचा प्रस्ताव शाळेला तिच्यापुढे ठेवावा लागतो. चिठ्ठीला इंग्रजी येत नाही आणि ती कोणाचा टायही बघत नाही.

दोन वर्षांमागे अशीच एका शाळेत चिठ्ठी निघाली ती दूध घालणाऱ्या एका बाईच्या नावाची. तिला वाटलं बक्षीस लागलं. सभेला गेली. फीचा कागद सगळ्यांच्या हातात दिला गेला, सगळ्यांनी वाचल्यासारखं केलं. हिने शेजारच्या बाईकडून एकेक ओळ मराठीत करून घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे स्मार्ट क्लासचे पैसे मागच्या साली बी घेतले होते. तो टीव्ही एकदाच घेतला ना? का दर साली नवा घेता?” खोलीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही. पुढच्या कागदावर ती रक्कम निम्मी झाली. ही हकीकत मला तिने सांगितली नाही; ते दोन्ही कागद माझ्याच काचेवरून गेले.

विदर्भात शाळा साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तीस दिवसांचा हिशेब धरला तर जुलै संपायच्या आत तुमच्या शाळेत चिठ्ठ्या पडायला हव्यात. पडल्या नाहीत तर लेखी विचारा, अर्जाची पोच घ्या. पडणार असतील तर आपलं नाव द्या, आणि सभेला जाताना पुस्तिका बरोबर न्या. नियम त्यांचेच आहेत, पान उघडून दाखवता येतात.